मिक्सर नंबर दोनचं कुलूप

मिक्सर नंबर दोनवरचं लाल कुलूप मी काढलं होतं. दहा महिने हे वाक्य मी कोणापुढेही उच्चारलं नाही, आणि त्या दहा महिन्यांत एका माणसाची एकोणीस वर्षांची नोकरी गेली. ती का गेली हे सांगायचं तर पोलंड आणि रशियाच्या लढायांपासून सुरुवात करावी लागते. कारण चौकशीच्या वेळी मीही तिथूनच सुरुवात केली होती.

मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गच्या बाहेरच्या अंगाला एका पावाच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. पुण्याहून शिकायला आलो, युनिव्हर्सिटी संपली, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला आणि दोन वर्षं म्हणून धरलेल्या त्या नोकरीत चौदा वर्षं गेली. माझ्या विभागात मैद्याच्या गोण्या येत आणि मोठ्या मिक्सरमध्ये पीठ मळलं जाई. मिक्सर म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी पातेलं. ते एका बाजूला कलतं आणि मळलेलं पीठ खाली ओततं.

या यंत्रांची देखभाल दोन माणसं करायची. फिटर पोलिश होता आणि इलेक्ट्रिशियन रशियन. दोघंही साठीला टेकलेले. फिटर मेलबर्नमध्येच जन्मला होता, प्रत्येक वाक्यात ‘मेट’ म्हणायचा, आणि पोलंडला आयुष्यात एकदाच पंधरा दिवस जाऊन आला होता. रशियन तिशीत इकडे आलेला. फिटर त्याला ‘कॉम्रेड’ म्हणायचा आणि तो फिटरला ‘लॉर्डसाहेब’.

टी-रूममध्ये रजा लिहायचं एक कॅलेंडर होतं. त्यावर दर वर्षी दोन तारखांभोवती गोल असायचे. पंधरा ऑगस्टचा गोल फिटरचा आणि चार नोव्हेंबरचा रशियनचा. मला हे पहिल्यांदा कळलं ते मी पंधरा ऑगस्टला फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून पेढे नेले तेव्हा.

“कशाचे रे हे?” फिटरने विचारलं.

“आज आमचा स्वातंत्र्यदिन.”

“मेट, आज माझाही सण आहे.” त्याने दोन पेढे उचलले. “एकोणीसशे वीस साली आम्ही याच्या पणजोबाला वॉर्साच्या दारातून परत पाठवला.”

रशियन पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, “माझा पणजोबा घोड्यांना नाल मारायचा. तो गावाबाहेर कधी गेला नाही.”

“मग त्याचे घोडे परत पाठवले.”

आणि चार नोव्हेंबरला रशियन घरून मधाचा जाडजूड केक आणायचा. आले-दालचिनीचा वास असलेला, त्याच्या आईच्या पद्धतीचा. खिशातल्या चाकूने तो त्याचे चौकोन पाडायचा.

“घ्या लॉर्डसाहेब. तुम्हाला क्रेमलिनमधून हाकललं त्याचा खाऊ.”

“दोन वर्षं आत बसलो होतो आम्ही, ते पण सांग ना याला.”

“सांगतो की. शेवटी चामड्याचे पट्टे उकडून खात होतात, तेही सांगतो.”

“तुमच्या स्वयंपाकापेक्षा बरे लागले असतील.” असं म्हणून फिटर दोन तुकडे घ्यायचा.

मला हे ऐकायला फार आवडायचं. पुण्यात वाढलेल्या माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई काल संध्याकाळी झाल्यासारखी बोलायची सवय असते. पानिपतावर कोण कुठे चुकलं यावरून माझ्या काकांनी एका मित्राशी कायमचं बोलणं टाकलं होतं. त्यामुळे मी हौसेने वाचत गेलो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिश सैन्य मॉस्कोत शिरलं होतं. मग पारडं फिरलं. रशिया आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून पोलंड इतका वाटून घेतला की सव्वाशे वर्षं तो देश नकाशावर नव्हता. मधे दोन मोठे उठाव झाले, मोडले गेले, आणि माणसं सायबेरियाला रवाना झाली. मग एकोणीसशे वीस. मग दुसरं महायुद्ध, ज्यात एका बाजूने जर्मन शिरले आणि सतराव्या दिवशी दुसऱ्या बाजूने रशियन. त्या वेळी फिटरच्या आजीला पाच वर्षांच्या मुलीसकट मालगाडीत घालून पूर्वेला धाडलं.

ती पाच वर्षांची मुलगी म्हणजे फिटरची आई. सायबेरिया, इराण असं करत ती पोहोचली कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, पोलिश निर्वासितांच्या छावणीत. तिचं लहानपण तिथे गेलं. मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर फिटरने माझा हात दोन्ही हातांत धरला होता. “तुझ्या लोकांनी माझ्या आईला जगवलं,” तो म्हणाला होता. मी कोल्हापूरला आयुष्यात दोनदा गेलोय, तेही देवदर्शनाला. पण ते श्रेय मी नाकारलं नाही. तेव्हापासून फिटर माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं. टी-रूमच्या टीव्हीवर रोज पडलेल्या इमारती दिसू लागल्या. रशियन त्यावर काही बोलत नसे. तो टीव्हीकडे पाठ करून बसायला लागला, आणि त्याचंही लोकांनी आपापल्या परीने भाषांतर केलं. आतापर्यंत ते भांडण दोघांचं घरगुती होतं. आता पॅकिंगवालेही त्याच्याकडे तिरप्या नजरेने बघू लागले. मीसुद्धा. तो फोनवर रशियनमध्ये हसून बोलला की मला वाटायचं, हा कशाला हसतोय?

अपघात झाला त्या वर्षीच्या चार नोव्हेंबरला त्याने नेहमीसारखा केक आणला. सकाळची स्मोको, म्हणजे नऊची चहाची सुट्टी. टी-रूम भरलेली.

“या वर्षी तरी आणायला नको होतास,” फिटर म्हणाला.

“आईचा केक आहे. त्यात कोणाचं युद्ध नाही.”

“तुमचं सगळ्यातच असतं, कॉम्रेड.”

फिटरने केकची बशी परत सरकवली. जरा जोरातच. ती टेबलावरून खाली गेली. रशियनने वाकून तुकडे गोळा केले, कचऱ्यात न टाकता डब्यात भरले, आणि म्हणाला, “बघून घेऊ.” हे दहा माणसांनी ऐकलं.

आता कुलपाविषयी. यंत्रात हात घालण्याआधी माणसाने मेन स्विच बंद करून त्यावर आपलं लाल कुलूप घालायचं, असा नियम. कुलपावर त्याचा फोटो. किल्ली त्याच्या खिशात. ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही. फार झालं तर सुपरवायझरच्या कपाटात दुसरी किल्ली असते, पण ती वापरण्याआधी त्या माणसाला शोधायचं, यंत्राभोवती फिरून बघायचं आणि दोघांनी सही करायची. त्या कपाटाची चावी दोघांकडेच होती, माझ्याकडे आणि इलेक्ट्रिशियनकडे.

दुपारी दोनला शिफ्ट बदलते. दोनला पाच कमी असताना मी मिक्सर दोनच्या स्विचवर फिटरचं कुलूप पाहिलं. त्याची शिफ्ट संपत आली होती, आणि याआधी दोन वेळा तो कुलूप विसरून घरी गेला होता. मी त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियमही मीच लावला होता, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. आर्वो, म्हणजे दुपारच्या शिफ्टचं पीठ खोळंबलं होतं. मी कपाटातली किल्ली आणली, कुलूप काढलं, आणि आता मिक्सरमागे एक चक्कर मारून बघावं एवढ्यात पॅकिंगमधून हाक आली की पट्टा अडकलाय. मी कुलूप खिशात टाकून तिकडे गेलो. फार तर तीन मिनिटं.

फिटर मिक्सरच्या मागच्या बाजूला यंत्रात हात घालून बसला होता. ऑपरेटर आला, त्याला स्विचवर कुलूप दिसलं नाही, त्याने यंत्र चालू केलं.

तो आवाज मी लिहिणार नाही. ऑपरेटरने लगेच बटण दाबून मिक्सर थांबवला. फिटरच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशी गेली होती. मी धावत आलो, अॅम्ब्युलन्स बोलावली, टॉवेल आणायला सांगितलं, सगळं नीट केलं. आणि सगळे फिटरभोवती असताना मी मेन स्विचपाशी गेलो, खिशातलं कुलूप खाली जमिनीवर ठेवलं आणि किल्ली कपाटात जागेवर टांगली. माझे हात जराही थरथरले नाहीत. मला आजही भीती वाटते ती त्याचीच.

तिथला कॅमेरा पॅकिंगकडे तोंड करून होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने एकेकाला बोलावलं. मला विचारलं, “कुलूप तू काढलंस?”

“मी पॅकिंगला होतो. पट्टा अडकला होता.”

ते खरंच होतं. ऑपरेटरने मला पॅकिंगकडून धावत येताना पाहिलं होतं.

“मग उरतो एकच,” मॅनेजर म्हणाला. “त्या दोघांत काही होतं का?”

इथे मी थांबू शकलो असतो. ‘मस्करी चालायची’ एवढं म्हणू शकलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, “त्यांचं जुनं आहे.” आणि मग मी सुरू झालो. क्रेमलिन, फाळण्या, उठाव, सायबेरिया, मालगाडी, फिटरची आजी. कॅलेंडरवरचे गोल. बशी. ‘बघून घेऊ’. मॅनेजर ऑस्ट्रेलियन, त्याने यातलं काही कधी ऐकलेलं नव्हतं, तो लिहून घेत होता. अर्धा तास मी चारशे वर्षांचा इतिहास सांगितला आणि त्यात एकही चूक केली नाही. माझ्या तीन मिनिटांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

रशियनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी टी-रूममध्ये होतो, एकटा. त्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, एकदा सांगितलं ना. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो उठून गेला. ते अंगावर आलं त्याच्या. अहवालात लिहिलं की कुलूप कोणी काढलं हे ठरवता आलं नाही. पण त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात पाठवलं, बल्ब बदलायला. तीन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला.

आपली हत्यारं न्यायला तो आला तेव्हा टी-रूममधल्या कोणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मी मदतीला म्हणून पार्किंगपर्यंत त्याची पेटी धरली. त्याने माझा हात हातात घेतला. “तू एकटा माझ्याशी नीट वागलास, बॉस,” तो म्हणाला. “विसरणार नाही.”

तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय यायला लागला. ऑपरेटर माझ्याशी कमी बोलतो का? मॅनेजरने कपाटाचं कुलूप बदललं ते का? घरी बायको म्हणाली, “अरे, तुझं लक्ष कुठे असतं? कोणी काही बोललं का?” तर मी तिच्याकडे असं पाहिलं की हिला कोणी काय सांगितलंय. मी कामावरून आलो की बूट काढण्याआधी तिचा चेहरा बघायचो. दाराची बेल वाजली की उठायचो नाही. आपल्यावर नजर ठेवली जातेय ही भावना वाईट. पण त्यापेक्षा वाईट हे की नजर ठेवणारा बरोबर आहे हे आपल्याला माहीत असतं.

फिटर फेब्रुवारीत परत आला. त्याला हलकं काम दिलं, सुटे भाग मोजायचं. तो माझ्याकडे बघायचा. आधीसारखं नाही. चहा ढवळताना चमचा थांबवून बघायचा. मला वाटायचं, याला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, याला ठाऊक असतं तर हा रशियनसाठी बोलला नसता का? मग आठवायचं की हा रशियनसाठी कशाला बोलेल. आणि मला बरं वाटायचं. त्यांच्या वैराचा मला आधार वाटत होता, इतका मी खाली गेलो होतो.

पंधरा ऑगस्टला मी पेढे नेले. न नेले असते तर कोणी विचारलं असतं, म्हणून नेले. दुपारी टी-रूममध्ये आम्ही दोघंच उरलो. फिटरने पेढा घेतला नाही.

“एक सांगतो तुला,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षं मी कॉम्रेडवर नजर ठेवून होतो. मी यंत्रात काम करताना विजेचा माणूस रशियन, म्हणजे विचार कर. कुठेही वाकायच्या आधी मी बघायचो, हा कुठे आहे. दर वेळी. माझ्या बापाने लावलेली सवय.”



“त्या दिवशी सकाळी भांडण झालेलं, म्हणजे दुप्पट बघत होतो. मिक्सर दोनच्या मागून ही काच दिसते.” त्याने टी-रूमच्या काचेवर टकटक केलं. “तो इथे बसला होता. जमिनीवर पडलेला केक खात. एकटाच. पातेलं हललं त्या क्षणापर्यंत मी त्याला बघत होतो, मेट. हललं तेव्हाही तो इथेच होता.”

“मग...”

“आणि कुलूप जमिनीवर सापडलं ते मिटलेलं होतं. मी फोटो पाहिला. रागाने काढलेलं कुलूप कोण मिटवून ठेवतो? काढलेलं कुलूप पुन्हा टक् करून मिटवायची सवय इथे एकाच माणसाला आहे. कुलूप उघडं पडलेलं दिसलं की तूच आम्हाला ओरडतोस.”

बाहेर पॅकिंगचा पट्टा चालू होता, रोजच्यासारखा.

“तू सांगितलं का नाहीस?” मी विचारलं. त्याला असं विचारायचा मला काय अधिकार होता, पण विचारलं.

“हॉस्पिटलमध्ये मला कोणी ‘त्याला पाहिलंस का’ असं विचारलंच नाही. ‘भांडण झालं होतं का’ एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.” त्याने आपल्या अर्ध्या बोटांकडे पाहिलं. “मला वाटलं, तू सांगशील. माझ्या आईला जगवणाऱ्यांचा तू. आठवडा थांबलो. मग दुसरा. मग खरं सांगू, मला ते आवडायला लागलं. न केलेल्या गोष्टीची शिक्षा एका रशियनला होतेय. आमच्या घरात हे नेहमी उलटं होत आलं होतं.”

तो उठला. “मी माझं बघतो. तू तुझं बघ.”

यानंतरही मी तीन आठवडे काही केलं नाही. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं वाचून मी धीट आहे असं कोणाला वाटेल. तीन आठवडे मी फक्त हिशेब करत होतो की फिटरचं कोण ऐकेल. मग एका रविवारी बायकोने डोसे घातले आणि मी पहिला घास तोंडात घालून तसाच बसलो. ती म्हणाली, “आता बोल, नाहीतर मी उठते.” मी बोललो. तिने गॅस बंद केला. ओट्याकडे तोंड करून तिने तवा उतरवला. मग म्हणाली, “त्या माणसाची बायको कशी राहिली असेल रे इतके दिवस?” मी त्याच्या बायकोचा एकदाही विचार केला नव्हता.

सोमवारी मी लेखी जबाब दिला. फिटरनेही दिला. मॅनेजरने माझा कागद दोनदा वाचला. “मग तो सगळा इतिहास?” त्याने विचारलं.

“तो खरा आहे,” मी म्हणालो.

मला काढलं, ते योग्यच झालं. आता मी एका गोदामात माल उतरवण्याचं वेळापत्रक बघतो. रशियनला कारखान्याने पत्र पाठवलं की त्याच्यावर कसलाही संशय नाही आणि त्याला परत यायचं असेल तर यावं. तो आला नाही. उत्तरही आलं नाही. मी त्याला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

“चार नोव्हेंबरला जाऊ,” फिटर म्हणाला. “त्या दिवशी तो घरी असणार. केक केलेला असणार.” त्या हाताने त्याला अजून गाडी नीट चालवता येत नव्हती, म्हणून माझ्या गाडीने गेलो. विटांचं बैठं घर, पुढे लिंबाचं झाड. दुपारचे तीन. रशियनने आतलं दार उघडलं, जाळीचं दार तसंच ठेवलं.

त्याने आधी फिटरचा हात पाहिला. “दाखव.”

फिटरने जाळीपाशी हात धरला.

“दुखतं?”

“थंडीत.”

“पत्रात लिहिलंय की तू मला बघत होतास.”

“एकोणीस वर्षं.”

“आणि गप्प बसलास.”

“हो.”

रशियनने त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ती शिवी होती हे कोणालाही कळलं असतं. फिटरने पोलिशमध्ये उत्तर दिलं, तितकंच लांब. दोघांनाही एकमेकांचं समजत होतं. मग रशियनने जाळीचं दार उघडलं आणि बाजूला झाला. फिटर आत गेला. मी पायरी चढलो, तर त्याने दार हाताने धरलं.

“तू नाही.”

“मला फक्त माफी...”

“याचं आणि माझं चारशे वर्षांचं आहे,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “त्यात आणखी एक पडलं. तुझ्यामाझ्यात काय होतं? काही नव्हतं. म्हणून तर जाताना तुझा हात धरला मी.”

त्याने दार लावलं.

मी गाडीत जाऊन बसलो, कारण फिटरला परत न्यायचं होतं. आतून आवाज येत होते, कधी एकाचा, कधी दोघांचे. एकदा काहीतरी आपटलं. एकदा कोणीतरी हसलं, कोण ते कळलं नाही, आणि सवयीने माझ्या मनात आलंच, हे माझ्यावर हसताहेत का. दीड तासाने फिटर बाहेर आला. त्याच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेली एक पुडी होती. गाडीत आले-दालचिनीचा वास पसरला.

मी पुडीकडे पाहिलं असणार.

“माझी आहे,” तो म्हणाला आणि ती त्याने मांडीवर, धड असलेल्या हाताखाली ठेवली. “चल.”